देवचंद सरांचे दोन अंगठे

शाळेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर देवचंद सर उद्या परिपत्रक काढतील आणि परवा वकील पाठवतील. एवढंच सांगते, की जळगावहून धुळ्याला जाताना हायवे सोडून तीन किलोमीटर आत, कपाशीच्या शेतांमध्ये ती आहे. निवासी आहे, दोनशे चाळीस मुलं-मुली आहेत आणि मी तिथं पाच वर्षं गणित शिकवलं. मी शिल्पा बैसाणे, धुळ्याची. जरा तापट आहे, ते पुढं कळेलच.

देवचंद सर तिथले संचालक. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला हसू आवरणार नाही. मूल तापानं फणफणलं की त्याच्या उशाशी बसून राहणारा माणूस. पण आपण सांगितल्याशिवाय सूर्यानंही उगवू नये असं त्यांना वाटायचं. केसांना तेल किती, तर अडीच थेंब. खिडकी किती उघडायची, तर एक वीत, आणि ती वीत सरांची. हसताना दात दिसले तर चालतील, आवाज वर्गाबाहेर जायला नको. प्रत्येक गोष्टीचं परिपत्रक निघायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, 'वाचल्याची सही करावी'. आम्ही अकरा शिक्षक शिकवायचो कमी आणि सह्या करायचो जास्त.

नोकरीला लागताना सरांनी आमची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. दहावीपासून बी.एड.पर्यंत सगळी. 'सुरक्षित राहतात,' म्हणाले. ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात राहिली आणि आम्ही त्यांच्या मागं राहिलो. दुसरीकडे नोकरी बघायची तर कागद हवेत, कागद हवेत तर सर हवेत. काय बोलणार.

गेल्या दिवाळीनंतर सरांना कुलपांचा कंटाळा आला. किल्ली हरवते, किल्लीची नक्कल होते, किल्लीवाला फितूर होतो. त्यांनी जळगावच्या मेहरूणमधून प्रशील नावाचा एक हुशार तंत्रज्ञ बोलावला आणि सगळीकडे अंगठ्यावर उघडणारी चुंबकी कुलपं बसवून घेतली. फाटक, ऑफिस, कागदांचं कपाट, खेळाचं सामान, आमच्या मोबाइलची पेटी, मुलांच्या घरून आलेल्या खाऊचं कपाट, सगळं. प्रशील म्हणाला, सर, आणखी एकाचा अंगठा घालू या, अडीअडचणीला बरं. सर म्हणाले, घाल. आणि स्वतःचा डावा अंगठा पुढं केला. आम्ही तेव्हा व्हरांड्यात उभे होतो. मी हसले नाही, फक्त खोकले. खोकल्याचं परिपत्रक तोवर निघालं नव्हतं.

तर मुद्द्याची गोष्ट. जानेवारीत धुळ्यातल्या एका अनुदानित शाळेत माझी निवड झाली. घरापासून सायकलवर दहा मिनिटं. मूळ कागदपत्रं शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत दाखवायची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. मी सरांकडे चारदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, लेखी द्या. दिलं. मग म्हणाले, समास सोडून लिहा. तसं दिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, दहावीच्या परीक्षेनंतर बघू. चौथ्यांदा मी म्हटलं, सर, ते कागद माझे आहेत. तेव्हा म्हणाले, "शनिवारी भरीत पार्टी आहे, पितांबर आबा येणार आहेत, आत्ता ह्या गोष्टी नकोत."

पितांबर आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. जळगावला त्यांची डाळमिल आहे. सर जगात फक्त दोघांना भितात, एक आबा आणि दुसरे म्हणजे आबांचं बोलणं ऐकणारे लोक.

शनिवार उजाडला. अकरा वाजले तरी मी कंपाउंडच्या आत, कागद कपाटात, आणि मैदानावर पऱ्हाट्यांचा जाळ. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, त्याचा जो वास सुटतो त्यानं नोकरी जाणारी बाईसुद्धा दोन मिनिटं नोकरी विसरते. मी विसरले होते, खरं सांगते.

स्वयंपाक बेबाबाईंचा. साक्रीकडच्या, साठीच्या, हातात सोनं नाही पण चव आहे. त्या वांगी सोलताना बोटं पाण्यात बुडवत होत्या. सर आले, हातात परिपत्रक क्रमांक एकशे चौदा. विषय, वांगी सोलणे. त्यात लिहिलं होतं, की पाण्याचा हात लावू नये, धुराचा स्वाद जातो.

बेबाबाई म्हणाल्या, "सर, हात वला करना पडस, नहीते चटका बसस."

"ज्याला शिस्त आहे त्याला चटका बसत नाही," सर म्हणाले. समोर दोनशे चाळीस मुलं रांगेत बसलेली. सरांनी बाह्या सारल्या, जाळातून नुकतं काढलेलं एक फुगलेलं वांगं उचललं आणि दोन्ही अंगठे त्याच्यात खुपसले.

मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी पांढरा झाला, मग लाल, मग वांग्याच्या सालीसारखा काळपट. सोडून द्यायचं ना वांगं. पण नाही, दोनशे चाळीस मुलं बघत होती. सरांनी ते वांगं पूर्ण सोललं. मग म्हणाले, "पाहिलंत?" आणि दुसरं घेतलं. तिसरंही घेतलं. अति तिथं माती म्हणतात, इथं अति तिथं फोड. तिसरं वांगं परातीत ठेवून सर मागे वळले तेव्हा दोन्ही अंगठ्यांवर हरभऱ्याएवढे टपोरे फोड आले होते.

तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. आबा आले.

सर ताठ चालत फाटकापाशी गेले, आम्ही मागे, मुलं आमच्या मागे. उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "ट्राय अगेन." डावा ठेवला. "ट्राय अगेन." सरांनी अंगठा शर्टाला पुसला, फुंकर मारली, तिरका ठेवला, उलटा ठेवला. त्या बाईला काही दया येईना. सातव्या-आठव्या वेळी मागून मुलांतून कोणीतरी हळूच तिच्याबरोबर म्हणालं, "ट्राय अगेन." बाराव्या वेळी निम्मी शाळा म्हणाली. पंधराव्या वेळी दोनशे चाळीस मुलांनी एका सुरात म्हटलं, आणि लाज वाटते सांगायला, त्यात मीही होते.

फाटकाबाहेर आबा गजांना धरून उभे. "देवचंद, मला भूक लागलीय. त्यात साखरेचा आजार."

नवलभाऊ, आमचे वॉचमन, धावत जाऊन ताट घेऊन आले. ताट गजांतून आडवं जाईना, उभं केलं तर भरीत सांडे. शेवटी बेबाबाईंनी पुरीत भरीत गुंडाळून एकेक पुरी गजांतून दिली. आबांनी चार खाल्ल्या, वर तांब्याभर पाणी प्यायले. ते पाणीच नडलं. दहा मिनिटांनी त्यांनी नवलभाऊंना गजांजवळ बोलावून कानात काही सांगितलं, आणि नवलभाऊ सरांकडे येऊन म्हणाले, "सर, आबांना आत यायलाच लागेल. घाईनं."

बाहेर सगळी उघडी शेतं होती हो. पण अध्यक्ष माणूस, पांढरं धोतर, आणि समोर दोनशे चाळीस मुलं.

सरांनी प्रशीलला फोन लावायला सांगितला. फोन फक्त त्यांचाच खिशात, आमचे पेटीत. मी त्यांच्या खिशातून काढला, लावला आणि स्पीकरवर टाकला. प्रशील म्हणाला, "मेन बंद करा आणि स्टोअरमधल्या बॅटरीची लाल वायर काढा. चुंबक सुटतात. पण सगळंच उघडेल."

"फक्त फाटक," सर म्हणाले.

"तसं नाही होत सर. तुम्हीच म्हणालात, एक वायर, एक अंगठा. मी वेगवेगळं करू म्हणत होतो."

आम्ही स्टोअरमध्ये गेलो. सरांचे दोन्ही अंगठे बेबाबाईंनी दह्याच्या वाटीत बुडवलेले, त्यामुळे वायर काढणार कोण? मीच मेन पाडलं, पुढं झाले आणि लाल वायरीला हात घातला. साडेबारा वाजून गेले होते. पाचला धुळे.

"थांबा मॅडम," सर म्हणाले. "कपाटाला हात लावणार नाही असं आधी बोला."

मला वाटलं, बोलून टाकावं. खोटं बोलावं आणि मग कागद घेऊन पळावं. पण इतका राग आला ना, की खोटंसुद्धा बोलवेना.

"नाही बोलणार," मी म्हटलं. "वायर निघाली की मी सरळ कपाटाकडे जाणार आणि माझे कागद घेणार. आता तुम्ही सांगा, काढू की नको? तुम्ही सांगितल्याशिवाय इथं काही होत नाही ना."

फाटकावरून आबांचा आवाज आला. "देवचंद!"

सर वाटीतल्या दह्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काढा."

मी वायर ओढली. सगळ्या शाळेतून कट्, कट्, कट् असा आवाज पळत गेला. फाटक आपोआप वीतभर सरकलं. खाऊच्या कपाटाचं दार कुरकुरत उघडलं. आबा धोतर सावरत अशा वेगानं गेले की त्यांना कोणाचा नमस्कार घेताच आला नाही.

आणि मुलं उभीच. हलेनात. सगळं उघडं, आणि दोनशे चाळीस मुलं सरांच्या तोंडाकडे बघत उभी. सरांनाही काय सांगावं सुचेना, त्यांच्याकडे ह्याचं परिपत्रक नव्हतं.

बेबाबाई परातीतून मान वर करून म्हणाल्या, "काय दखी ऱ्हायनात रे? पया ना."

त्यांनी 'पळा' म्हटलं आणि मग जे झालं ते काय सांगू. घरचे लाडू, चिवडे, चकल्या, कोणाचं काय कोणी खाल्लं पत्ता नाही. दोघी मुली फाटकाबाहेर गेल्या, हरभऱ्याच्या शेताला हात लावला आणि परत आल्या, नुसतं लावून बघायला. फुटबॉल सहा निघाले, सहाही एकाच वेळी खेळले गेले. इंग्रजीच्या मॅडम कोणाच्या तरी स्केटिंगच्या बुटांवरून भिंतीला धरून चालल्या होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या, आवाज पार हायवेपर्यंत.

मी ऑफिसात गेले. कपाटात अकरा फायली, लाल फितीनं बांधलेल्या, आणि खाली एक पाकीट. माझी फाईल घेतली. मग एकेकाला हाका मारून ज्याची त्याच्या हातात दिली. पाकिटात बेबाबाईंचा चौथी पासचा दाखला निघाला. स्वयंपाकाच्या बाईचा चौथीचा दाखला कशाला हवा होता कोणास ठाऊक. त्यांनी तो तेलकट हातानं लांब धरून वाचला, बोट फिरवत. 'बेबी पुना.' वडिलांच्या नावावर बोट थांबलं. मग घडी करून पोलक्यात ठेवला.

सर दारात आले, हातात दह्याची वाटी. मला वाटलं आता ओरडतात.

"नोंदवहीत सही करून न्या," म्हणाले.

मी केली. पाच वर्षांत आनंदानं केलेली तेवढीच सही.

"दहावीचं गणित कोण घेणार?" त्यांनी विचारलं. असा साधा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं, एक वाजून गेला होता.

आबा तोवर हलके होऊन आले होते, माझं धुळ्याचं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणाले, "बेटा, माझी गाडी घे, ड्रायव्हर हायवेपर्यंत सोडेल." गाडीतून मागं वळून पाहिलं तर मुलं पंगतीला बसत होती, सर मध्ये मांडी घालून बसले होते, आणि अंगठे नसल्यामुळे बेबाबाई त्यांना घास भरवत होत्या. "तोंड उघाडा, सर." सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि उघडलं. ड्रायव्हरला कळेना ही बाई रडतेय की हसतेय. मलाही कळत नव्हतं.

चार वाजता मी धुळ्याला टेबलासमोर होते. साडेचारला शिक्का बसला. घरी येऊन मी आईला मिठी मारली तेव्हा ती म्हणाली, अगं, तुझ्या केसांना धुराचा वास येतोय.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"मॅडम, बाकी कोणी गेलं नाही," ते म्हणाले. "दुपारपासून फाटक उघडं आहे. सगळ्यांच्या हातात कागद आहेत. तरी कोणी गेलं नाही. इंग्रजीच्या मॅडम आत्ता मुलांना अभ्यासाला बसवतायत, मी सांगितलं नव्हतं. बेबाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, मी कोठे जासू, मन्हा चुल्हा आठे शे. चूल इथं आहे म्हणे त्यांची."

माणसाला एवढं नवल वाटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पाच वर्षं ह्या माणसानं त्या कपाटावर पहारा केला होता.

"मी गेले ना सर," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "तुम्हाला चारदा नाही म्हटलं होतं."

 मी राग शोधून पाहिला, दुपारपर्यंत एवढा मोठा होता, आता सापडेना.

"परीक्षेपर्यंत दर रविवारी येते, दहा वाजता," मी म्हटलं. "दहावीला घेऊन बसते. पण सर, कागद घरी ठेवून येणार."

"घरीच ठेवा," देवचंद सर म्हणाले. "तिथंच सुरक्षित राहतील."