सरासरी नऊ महिने

कायदा खात्यात तिला सगळे ‘दशांश’ म्हणत, कारण साखर किती विचारलं की ती ‘सव्वा चमचा’ सांगायची. शिकली होती संख्याशास्त्र आणि काम मिळालं होतं सोळा देशांचा तक्ता करायचं. घटस्फोट हवा असेल तर कुठला देश नवरा-बायकोला किती महिने ताटकळत ठेवतो, याचा. सरासरी निघाली नऊ. आपल्याकडे अठरा. नऊवर यायला कायदा बदलायला नेमलेली समिती एका पायावर तयार होती.

आणि दशांशच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, बरोबर नऊ महिने ताटकळलेली तिची ताई राहत होती. ताई राजी, भावोजी राजी, फक्त कायदा अडून बसलेला.

बैठकीच्या आदल्या दिवशी दशांशनं तक्ता पुन्हा तपासला. आठ देशांपुढे शून्य होतं. त्यातल्या पाचांनी पत्राला उत्तरच दिलं नव्हतं. उरलेल्या तिघांत घटस्फोट मुळी मिळतच नव्हता. रिकामी चौकट बरी दिसत नाही म्हणून टायपिस्टकाकांनी शून्यं भरून टाकली होती.

“अहो काका, जिथं सुटकाच नाही, तिथं शून्य महिने?”

“मग? थांबायची भानगडच नाही ना तिथं,” काका शांतपणे म्हणाले.

शून्यं काढली. सरासरी अठरा.

घरी ताई उसळली. “नऊ महिन्यांत अख्खा माणूस तयार होतो गं, आणि यांना एक माणूस सोडवत नाही! उद्या गप्प बस. एक दिवस अडाणी राहिलीस तर काय बिघडतं?”

“आकडा खोटा आहे, ताई.”

“नवरा खरा आहे ना माझा!”

सकाळी लवकर ऑफिस गाठून दशांशनं उरलेल्या आठ देशांची उत्तरं तळटीपांसकट वाचून काढली. मग बैठकीत उभी राहिली आणि शून्यांचं सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे आपण जगाच्या बरोबरीनं आहोत!” अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, खूश झाले. “चहा मागवा.”

“साहेब, अठराच का, तेही पाहिलं मी. सात देशांनी आठव्याचं बघून ठरवलं. आठव्यानं आपलं बघून.”

“आणि आपण?”

“आपल्या जुन्या फायलीत लिहिलंय, ‘इतर देशांचा सखोल अभ्यास करून’.”

“मग मुळात विचार कोणी केला?”

“कोणीच नाही, साहेब.”

“म्हणजे तो आता आपल्याला करावा लागणार,” अध्यक्ष म्हणाले. दाढ उपटायला बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

त्या विचाराला पाच महिने लागले. दोघं राजी असतील तर थांबायला नको, एवढंच शेवटी ठरलं. चौदाव्या महिन्यात ताईच्या हाती कागद आला.

“पाच महिने खाल्लेस माझे,” ती म्हणाली. तिनं सोफ्यावरचं अंथरूण झटक्यात गुंडाळलं, काखेत धरलं आणि दारापाशी थबकली.

“कुठं निघालीस?”

“ते कुठं ठरवलंय अजून,” म्हणत ताईनं अंथरूण पुन्हा पसरलं. “आणि खबरदार, यावर तक्ता केलास तर!”