थरथरणारी शिळा

निपाणीजवळच्या वस्तीत माणसांची झुंबड उडाली होती. वस्तीत उतरलेल्या एका महाराजांनी मांडलेली शिळा म्हणे पापी माणूस वर बसला की थरथरते! मागच्या आठवड्यात धरणी हादरली, मालुबाईच्या घराची भिंत पडली आणि तिचा चार वर्षांचा मुलगा युवराज खाली सापडून गेला. बिड्या वळणारी ती बाई तेव्हापासून एकच विचारत होती, "माझंच लेकरू का?"

उत्तर द्यायला महाराज तयारच होते. युवराजच्या बहिणीला, नऊ वर्षांच्या ऋतिकाला त्यांनी शिळेवर बसवलं. हलगी कडाडली. शिळा थरथरू लागली.

"बघा! हिच्या पापानं भूमाता खवळली!"

मालुबाईनं लेकीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. गर्दीत निवेदिता टीचर होत्या. शाळेत त्या ऋतिकाला शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत. त्या पुढं झाल्या, तेवढ्यात लाईट गेली. शिळा गप्प. हलगीवालाही बावरून थांबला.

"भूमाता दमली काय, महाराज?" म्हणत टीचरनी मुलीला खाली उतरवून घेतलं.

"भूमाता ध्यानात गेलीय!" महाराज ओरडले. पण लाईट आली आणि रिकामी शिळाच गुरगुरत थरथरू लागली. टीचरनी खालचं जाजम ओढलं. वायर निघाली, वायरीच्या टोकाला यंत्र.

"आरं, ह्यो तर स्लॅबचा व्हायब्रेटर!" नागोजी गवंडी म्हणाला. "काँक्रीट बसवायला आमी ह्योच लावतोय की!"

महाराज जीपकडं पळाले, लोकांनी अडवलं. ऋतिका मात्र टीचरना बिलगून कापत होती.

"टीचर, त्या दिवशी मी आईसंगं खोटं बोललो व्हतो. म्हणून युवराज गेला?"

टीचर तिच्यापुढं खाली बसल्या. "नाही गं बाळ. जमिनीच्या पोटात खडकांचे मोठमोठे थर एकमेकांना रेटत असतात. ताण सोसेनासा झाला की खडक तुटून सरकतो, आणि वरची जमीन हादरते. खडकाला कुणाचं खोटं ऐकू येत नाही. ही धरणी देवानं घडवली असं मी मानते. पण लेकरांना शिक्षा द्यायला तो भिंती पाडत नाही. रडणाऱ्याजवळ तो येऊन बसतो, असा माझा विश्वास आहे."

"मग माझं लेकरू का गेलं?" मालुबाईनं विचारलं.

"भिंत कच्ची होती, आक्का." टीचरनी तिचा हात धरला. "दुसरं काही नाही."

मालुबाई मटकन खाली बसली. दोष द्यायला कुणीतरी होतं तोवर तिला रडू आलं नव्हतं. आता तिनं हंबरडा फोडला. ऋतिका भीत भीत जवळ गेली, तशी आईनं तिला घट्ट ओढून घेतलं.

टीचर लोकांकडं वळल्या. "जमीन पुन्हा हादरेल तेव्हा पापी शोधत बसू नका. भिंती पक्क्या बांधा, पोरांना मोकळ्या जागेत पळायला शिकवा. आणि ज्याच्या घरचं माणूस गेलंय, त्याच्याजवळ जाऊन बसा."