आधी बारीक, मग जाड

कॉम्प्युटरवर अठ्ठावीस किलोची मांजर निघाली आणि डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला चारून फुगवली होती.

"औषध वजनावर ठरतं. मी स्वतः तपासलं म्हणून ती वाचली. पुन्हा असं झालं तर काउंटरवर दुसरं माणूस बघावं लागेल."

जनावरांच्या या दवाखान्यात वजनं मीच भरते. "मी बरोबर भरलं होतं" हे सांगून घसा कोरडा पडला, पण ऐकतंय कोण? प्रोग्राम माझ्या धाकट्या जावेने करून दिलेला. ती काय आपल्या हातच्या कामाला नावं ठेवणार? तरी तिलाच बोलावलं.

तिने प्रोग्राम नेमका वजन साठवतो तिथेच थांबेल अशी सोय केली. मी कुत्र्याचं वजन भरलं, लगेच मांजर निवडली. प्रोग्राम थांबला, तिने पाहिलं. सगळं बरोबर! पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. माझा पारा चढला.

"पाहुणे आले की पोरं शहाण्यासारखी वागतात ना, तसलं चाललंय याचं!"

ती हसता हसता थांबली. "ताई, अगदी तसंच आहे. मी थांबवलं की माझी खिडकी पुढे येते आणि वजनाचा रकाना आपोआप आधी सुटतो, आकडा कुत्र्याच्याच नावावर साठतो. म्हणजे मीच त्याला शहाणा करतेय. थांबवायलाच नको."

मग तिने दोन आवाज बसवले. वजनाचा रकाना सुटला की बारीक, नवं जनावर उघडलं की जाड.

"आता रोजच्यासारखं भरा. मी नुसतं ऐकते."

आधी बारीक यायला हवा होता. आला जाड. मांजर आधी उघडत होती आणि कुत्र्याचं वजन मागाहून तिच्या नावावर चढत होतं.

चहा निवायच्या आत तिने ते दुरुस्त केलं. गुपचूप निघून गेली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"ताईंनी बरोबरच भरलं होतं. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती."

डॉक्टरांनी माझी माफी मागितली. मी जावेचा हात घट्ट धरला.

ते आवाज मी काढू दिले नाहीत. डॉक्टर वैतागतात, "कटकट आहे हो ही."

"असू दे," मी म्हणते, "माझ्या जावेची आहे."