श्वासाचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पट्टा म्हटल्यावर तुम्हाला शाळेच्या गणवेशातला कमरेचा पट्टा आठवेल, पण मी त्यातला नाही. मला बक्कल नाही, कारण जिथे मी काम केले तिथे लोखंडाची टाचणीसुद्धा आत नेऊ देत नसत. माझ्या मधोमध एक रबरी नळी आहे आणि तिला बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या चुण्या आहेत. माणसाने श्वास घेतला की त्याचे पोट फुगते आणि मी ताणला जातो. त्याने श्वास सोडला की मी आखडतो. माझे काम एवढेच. ऐकायला सोपे वाटते, म्हणून तर मला कोणी कधी फारसा भाव दिला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी ठाण्याला नौपाड्यात आलो. एका तपासणी केंद्रात एमआरआयचे, म्हणजे चुंबकाच्या जोरावर शरीराच्या आतली चित्रे काढणारे, भलेमोठे यंत्र बसवले होते, त्याच्याच खोक्यात एका कोपऱ्यात मी होतो. यंत्राला हार घातला, त्याच्यापुढे नारळ फोडला, पेढे वाटले. मी तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतो. आपली पूजा झाली नाही याचे मला थोडे वाईट वाटले होते, खोटे कशाला सांगू?

पण त्या थोराड यंत्राची एक खोड होती. चित्र काढायला ते फार वेळ घ्यायचे, आणि तेवढा वेळ माणूस हलला की चित्र बिघडायचे. गुडघ्याला ‘हलू नकोस’ म्हटले तर गुडघा ऐकतो. फुप्फुसाला कसे सांगणार? ते हलायचे थांबले तर माणूसच राहायचा नाही. म्हणून छातीची चित्रे ओल्या शाईवरून बाही फिरावी तशी फिसकटायची. तिथे मी कामाला यायचो. माणसाच्या पोटावर मला बांधायचे, माझ्यातली हवा बारीक नळीतून बाहेर जायची आणि काचेपलीकडच्या पडद्यावर श्वासाची रेघ वरखाली होत राहायची. रेघ खाली टेकली की यंत्र चित्राचा एक तुकडा घ्यायचे, मग पुढच्या श्वासाची वाट बघायचे. श्वास एकसारखे असले की तुकडे जुळायचे.

हे यंत्र चालवणारी नीला माझी फार काळजी घ्यायची. बाकीचे मला ओढून काढायचे आणि टेबलावर फेकायचे. ती मात्र मला पुसायची, नळीला पीळ पडला नाही ना ते बघायची आणि खुंटीला अडकवून ठेवायची.

एके दिवशी, गणपती झाल्यावर, कोपरच्या खाडीकाठचा दामाजी आमच्याकडे आला. त्याची बायको मनुबाई बरोबर होती. दामाजी कोळी खरा, पण खाडीतली मासळी रोडावल्यापासून तो रेती काढायला जायचा. होडीतून बांबू धरून खाली बुडी मारायची, तळाशी बादली भरायची आणि वर यायचे, असे ते काम. आख्ख्या बंदरावर त्याच्याइतका दम कोणाचा नव्हता. दोन वर्षे त्याला खोकला होता. बुडी मारणारे सगळेच खोकतात, छातीत खाडीचे पाणी गेले आहे, निघून जाईल, असे म्हणून त्याने तो अंगावर काढला. रक्त पडले तेव्हाही नारळी पौर्णिमा होऊ दे, मग बघू, म्हणाला.

त्याच्या डाव्या फुप्फुसात गाठ निघाली होती. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या अगदी शेजारी. ती रक्तवाहिनीला नुसती टेकली असेल तर कापून काढता येणार होती. चिकटली असेल तर डॉक्टर हात लावणार नव्हते. हे कळायचा मार्ग श्वासातूनच जात होता. श्वास सोडून रेघ खाली टेकल्यावर एक चित्र काढायचे आणि श्वास भरून रेघ वर पोचल्यावर एक. फुप्फुसाबरोबर गाठही खाली सरकली तर ती मोकळी आहे. डॉक्टरांनी हे दामाजीला नीट समजावून सांगितले होते. त्याने त्यातले एवढेच पक्के धरले, की श्वास बरोबर जमला तर ऑपरेशन होणार.

नीलाने मला त्याच्या पोटावर बांधले आणि नेहमीसारखा साधा श्वास घ्या म्हणून सांगितले. पण त्या अरुंद बोगद्यात गेल्यावर अंधार पाहून आणि यंत्राचे ठोके ऐकून दामाजीला काय वाटले कोण जाणे. त्याने बुडी मारताना भरतात तशी छाती भरली आणि दम धरला. मी ताणलो तो ताणलेलाच राहिलो. पडद्यावरची रेघ वर गेली आणि तिथेच थबकली. नीलाला वाटले माझी नळी तुंबली. ती धावत आत आली आणि माझाच कान पिळल्यासारखी मला हलवू लागली. दामाजी डोळे मिटून शांत पडला होता, आणि आपण किती छान करतो आहोत याचा अभिमान त्याच्या तोंडावर होता.

तिने त्याला पुन्हा पुन्हा सांगितले, काका, दम धरायचा नाही, श्वास पूर्ण सोडायचा, मगच पुढचा घ्यायचा. दामाजी गंभीर झाला.

“बाय,” तो म्हणाला, “छाती रिकामी करून पान्यात गेलेला मानूस वर येत नाय.”

“हे पाणी नाहीये, काका.”

“आत गेल्यावर पानीच वाटतंय.”

त्या दिवशी काही जमले नाही. तो दम धरायचा, मग खोकल्याची उबळ यायची आणि रेघ वेडीवाकडी नाचायची. शेवटी नीलाने त्याला पुढच्या आठवड्यात बोलावले आणि घरी सराव करायला सांगितले.

पुढचे मी मनुबाईच्या तोंडून ऐकले. दुसऱ्या खेपेला माझी तयारी चालली असताना ती दारात उभी राहून नीलाला सांगत होती. घरी तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दामाजीच्या पोटाला बांधली होती. रोज संध्याकाळी तो ओटीवर आडवा पडायचा आणि ती पट्टीवर हात ठेवून बसायची. श्वास काही केल्या सारखा होईना. मग त्याला वल्हे आठवले. वल्हे ओढताना श्वास सोडायचा, परत नेताना घ्यायचा. तो डोळे मिटून मनातल्या मनात होडी वल्हवू लागला. येणारेजाणारे चेष्टा करायचे, दामाजी निजल्या निजल्या कुठे निघालास? तो हसायचा आणि श्वास चुकायचा, की मनुबाई त्यांना हाकलून द्यायची. लुगड्याची ती पट्टी माझी बहीणच म्हणायची.

मित्रांनो, त्या दिवशी मला जे भाग्य लाभले ते पुन्हा लाभले नाही. मी कितीतरी पोटांवर बसलो, घाबरलेल्या, रडणाऱ्या, घोरणाऱ्यासुद्धा. पण दामाजीसारखा श्वास मी पाहिला नाही. सोडला, थांबला, घेतला. सोडला, थांबला, घेतला. खोकला घशाशी यायचा, मला त्याचा कंप जाणवायचा, आणि तो माणूस तो खोकला परतवून पुन्हा वल्ह्यावर यायचा. मला वाटले, होडी आता काठाला लागणार.

चित्रे अगदी स्वच्छ निघाली. डॉक्टर मुद्दाम आले होते. त्यांनी दोन्ही फिल्म उजेडावर एकीवर एक धरल्या. फुप्फुस खाली सरकले होते, बरगड्या फुलल्या होत्या. गाठ मात्र जागची हलली नव्हती. ती रक्तवाहिनीला चिकटली होती. इतके स्पष्ट चित्र आपल्याकडे आजवर निघाले नव्हते, असे डॉक्टर हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची स्तुती झाली, आणि ती मला नकोशी वाटली.

नीला मला सोडवायला आत आली. दामाजी घामाने भिजला होता, दमला होता.

“बाय, श्वास बराबर घेतला ना मी?”

निकाल सांगायचे काम तिचे नव्हते. ती मला गुंडाळत राहिली, सरळ असलेली नळी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

“अगदी बरोबर घेतलात, काका.”

तो उठला, सदरा चढवला आणि दारातूनच मनुबाईला म्हणाला, “पास जालो.”

त्या दिवशी नीला मला खुंटीला अडकवायला विसरली. मी रात्रभर टेबलावरच पडून होतो, पण मला तिचा राग आला नाही.

होळीच्या सुमारास मनुबाई एकटी आली. दामाजी गेला होता. तिने नीलासाठी सुकट आणली होती, कागदात बांधून. नीला रडली, मनुबाई रडली नाही.

पुढे काही वर्षांनी नवी झटपट यंत्रे आली. एका दमात चित्र काढणारी, पट्टा न बांधता श्वास ओळखणारी. त्यांचे मला वाईट वाटत नाही, रोग्याचे हाल वाचले. नीला दुसरीकडे गेली आणि मी कपाटात खालच्या फळीवर गेलो. माझे रबर आता चिकट झाले आहे, चुण्यांना भेगा पडल्या आहेत. माझ्यात हवा ठरत नाही. एक दिवस कोणीतरी कपाट आवरेल आणि हे काय आहे म्हणून मला कचऱ्यात टाकेल.

त्याआधी मला तुमच्याकडे एक मागायचे आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी सारखे खोकत असेल, तर खाडीचे पाणी आहे, धूळ आहे, सण होऊ दे, असे त्यांना म्हणू देऊ नका. हट्ट करा, रुसून बसा, पण त्यांना वेळेत दवाखान्यात न्या. मी गाठ कुठे आहे ते दाखवायला मदत करू शकतो. तिला हलवणे माझ्या हातात नसते, आणि त्यांच्याही श्वासात नसते.

दामाजीला हे शेवटपर्यंत उमगले नाही. मनुबाई सुकट घेऊन आली त्या दिवशी निघताना तिने हे नीलाला सांगितले होते. ऑपरेशन होणार नाही म्हटल्यावर तो कोणावर रागावला नाही, रडलाही नाही. नुसता ओटीवर पडून राहिला. शेवटच्या संध्याकाळी त्याने तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला आणि विचारले,

“मनू, श्वास तर मी बराबर घेतलेला ना गो?”

“घेतलेला,” ती म्हणाली, आणि त्याचा श्वास थांबेपर्यंत तिने हात तिथून काढला नाही.