कार्डावरचा चेहरा

मतदानाला भर दुपारी जायचं, हे देवराव लांजेवारांनी आधीच ठरवलं होतं. एप्रिलच्या दुपारी नागपुरात रस्ते ओस पडतात, आणि जो कोणी बाहेर पडतो तो पांढऱ्या दुपट्ट्यानं डोकं-तोंड गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून. उन्हात सगळे सारखेच दिसतात. त्यामुळे उन्हाळ्याचे हे दोन-अडीच महिने देवरावांना थोडंफार फिरता येई. बाकीचं वर्ष ते घरात असत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जबड्याची डावी बाजू काढून टाकली होती. खर्ऱ्यानं, घोटलेल्या तंबाखू-सुपारीनं, झालेला कॅन्सर. डॉक्टरांनी छातीवरची कातडी स्नायूसकट उचलून गालाच्या जागी बसवली. ती जगली, रंगही बराच जुळला. पण आपली जागा बदलली हे कातडीला कळत नाही. ती छातीचीच राहिली आणि तिच्यावर छातीवर येतात तसे विरळ, लांब केस येत राहिले. देवराव ते लहान कात्रीनं कापत. ओठ पुरते मिटत नसल्यामुळे प, ब, म गेले होते. जीभ दातांपर्यंत पोचत नसल्यामुळे त, द, न, ल गेले होते. एकदा आरशासमोर बसून त्यांनी सगळी बाराखडी म्हणून पाहिली. क, ग, ह आणि स्वर उरले होते. एवढ्यात अख्खा निघणारा, उत्तर म्हणून चालेल असा एकच शब्द सापडला. हो.

नोकरी एसटीत कंडक्टरची, बहुतेक सगळी नागपूर-उमरेड मार्गावर. बायको ऑपरेशनच्या आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सावनेरला बहीण आहे. दवाखान्यातून सुटल्यावर ते तिच्याकडे गेले होते, पण तिची नात त्यांच्यासमोर जेवायला बसेना. ताट उचलून आतल्या खोलीत जायची. कोणी तिला रागावलं नाही, कोणी देवरावांनाही काही म्हटलं नाही. ते एक दिवस आपणच पिशवी भरून नागपूरला परतले. दार आतून लावून घ्यायची सवय तेव्हापासूनची. ओळखीचे लोक सुरुवातीला येत, कडी वाजवत, हाका मारत. देवराव आत उभे राहून ऐकत. उत्तर द्यायचं तर काय द्यायचं? मग लोक येईनासे झाले.

गेल्या आठवड्यात मतदारांच्या चिठ्ठ्या वाटणारी बाई आली. दारापलीकडून तिचा आवाज आला, "देवराव नथ्थूजी लांजेवार इथंच राहतात ना?"

समोर नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूनं उत्तर दिलं, "इथं तं कोनी दिसत नाही ताई. म्हातारा वारला म्हनतात."

"वारले? मग नाव कमी करायला कळवावं लागेल."

देवरावांनी दुपट्टा शोधला, गुंडाळला, कडी काढली. तोवर ती पुढच्या गल्लीत निघून गेली होती.

आपण जिवंत आहोत, हे कुणाला पटवून द्यावं लागेल असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आता एकच सरळ रस्ता दिसत होता. यादीत अजून नाव आहे तोवर जायचं, मत द्यायचं, त्या नावापुढे सही करायची. मेलेला माणूस सही करत नाही. चिठ्ठी नसली तरी चालते, कार्ड लागतं, आणि कार्ड होतं.

शाळेच्या व्हरांड्यात रांग छोटीच होती. देवरावांच्या पुढे अमोल नावाचा एक तरुण आणि त्याच्या पुढे इंदुताई, सत्तरीच्या. इंदुताई कार्ड घरी विसरून आल्या होत्या.

"आजी, कार्ड कुठं ठेवलं?" अमोलनं विचारलं.

"पेटीत."

"कोनत्या पेटीत? मतपेटीत?"

"चूप बस. चाळीस वर्षांपासून याच शाळेत मत टाकून राहिली मी. मले कोन ओळखत नाही इथं?"

"ओळखते ना. पन कायद्याले डोळे नाही. कार्ड नाही पाह्यलं तं उद्या मीच इंदुताई बनून मत टाकून जाईन."

"तू? मंग येताना मिशी काढून येजो."

रांगेतले दोघं-तिघं हसले. इंदुताईंना अजून बोलायचं होतं. "माह्या जावेचं कार्ड पुराच्या पाण्यात सडलं. दुसरं भेटलंच नाही. तिनं काय करावं? ती काय चोर आहे?"

"चोर नाही वं आजी. पन जो चोर आहे तोही असाच म्हनते."

देवराव ऐकत होते. कंडक्टर असताना सवलतीच्या पासवरचा फोटो ते क्वचितच पाहत. रोजचा माणूस चढला की पास न बघता पुढे सरकायचं, नवा असला तर फोटो आणि तोंड ताडून पाहायचं. कार्ड अनोळखी माणसासाठी असतं, असं त्यांचं साधं मत होतं. आज दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी ते त्यांना ठरवता येईना. खिशातलं कार्ड मात्र त्यांनी एकदा चाचपून पाहिलं.

इंदुताईंना आतल्या लोकांनी नावानं हाक मारली, तब्येत विचारली आणि कार्ड आणायला परत पाठवलं. अमोल मत देऊन निघून गेला. देवराव आत शिरले.

पहिल्या टेबलावर मिनल नावाची तरुण अधिकारी यादी घेऊन बसली होती. तिनं कार्ड घेतलं, यादीत खूण शोधली आणि म्हणाली, "काका, दुपट्टा काढता का? चेहरा बघावा लागतो."

हे होणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दुपट्टा सोडला.

मिनलनं कार्डाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे. कार्डावर गोल गालांचा, जाड मिशीचा माणूस होता, फोटो काढणाऱ्यानं हसू नका म्हटल्यामुळे हसू दाबून बसलेला. मिनलचा आवाज आपोआप हळू झाला.

"नाव सांगता का?"

"ए-अ-आ-अ."

"देवराव लांजेवार तुम्हीच का?"

"हो."

हा शब्द स्वच्छ निघाला. पण हो काय, कोणीही म्हणेल.

भिंतीपाशी बाकावर दोन पक्षांचे प्रतिनिधी याद्या घेऊन बसले होते. त्यांतला तरुण, सुशील, उठून टेबलापाशी आला. "मॅडम, या फोटोतला मानूस अन हे काका एक नाही वाटत. मी रीतसर आक्षेप घेत नाही. पन खात्री करा."

देवरावांनी आधारकार्ड पुढे केलं. पॅनकार्ड पुढे केलं. पेन्शनचं पासबुकही आणलं होतं. टेबलावर तीन-चार देवराव ओळीनं मांडले गेले, कोणी थोडा तरुण, कोणी थोडा जाड, सगळ्यांना दोन्ही गाल. केंद्राध्यक्ष कामिनी मॅडम आपल्या खुर्चीवरून उठून आल्या. त्यांनी प्रत्येक फोटोवर बोट ठेवून डोळे, कपाळ, कान पाहिले.

"कान जुळल्यासारखे वाटतात," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण कानावरून मी परवानगी कशी देऊ?" त्या देवरावांकडे वळल्या. "काका, मी तुम्हाला खोटं ठरवत नाहीये. पण माझी खात्री झाली पाहिजे. इथं तुम्हाला ओळखणारं कोणी आहे?"

देवरावांनी बाकाकडे पाहिलं. आल्या क्षणापासून ते तिकडे बघायचं टाळत होते. सुशीलच्या शेजारी बसलेला दुसरा प्रतिनिधी जितेंद्र होता. एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, तीस वर्षांपासूनचा दोस्त. दारावर सगळ्यात जास्त वेळा येऊन गेलेला माणूस तोच. तो दर निवडणुकीला इथं बसायचा. दुपारी प्रतिनिधी जेवायला जातात, म्हणूनही देवरावांनी ही वेळ निवडली होती.

त्यांनी जितेंद्रकडे बोट दाखवलं.

जितेंद्रनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. "मी? मी तं यांले नाही ओळखत मॅडम. देवरावले ओळखतो. माहा दोस्त आहे तो. तो सावनेरले गेला, बहिनीकडं. परत आला असता तं मले पहिले भेटला असता." मग देवरावांकडे न बघता, समजूत घालत असल्यासारखा म्हणाला, "काकाजी, तुमची काही गलती होऊन राहिली. कोनाचं कार्ड घेऊन आले तुम्ही?"

काकाजी. जितेंद्र त्यांच्यापेक्षा वर्षभरानं मोठा होता.

देवराव काहीतरी बोलले. जितेंद्रनं मान हलवली, न कळलेल्या बोलण्याला लोक हलवतात तशी. दाराशी आणखी माणसं येऊन उभी राहिली होती आणि कामिनी मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मिनलनं कागद-पेन पुढे सरकवलं, पण कागदावर काय लिहिणार? नाव, वडिलांचं नाव, पत्ता. ते सगळं कार्डांवर होतंच, सहीसुद्धा, पाहून कोणीही लिहील.

देवरावांनी पेन बाजूला सारलं. मग त्यांनी मतदार कार्डाचं पातळ प्लास्टिकचं पाकीट उचललं, कार्ड काढून बाजूला ठेवलं, रिकामं पाकीट दुमडून डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून घासायला लागले. दाबून पुढे, मग अर्धं वळण, मग पुन्हा पुढे. मध्येच थांबून पाकिटाला दोन टिचक्या, आणि पुन्हा घासणं.

सुशीलला काही कळलं नाही. मिनलला वाटलं, म्हाताऱ्याला काही होतंय.

जितेंद्रचं चघळणं थांबलं.

वर्कशॉपच्या यंत्रात त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर गेलं तेव्हापासून त्याला प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटता येत नव्हता. सुपारी, तंबाखू, चुना नीट एकजीव होत नसे. डेपोसमोरच्या ठेल्यावर रोज तो आपली पुडी देवरावच्या हातात द्यायचा. देवराव आधी त्याची घोटायचा, मग स्वतःची. मध्ये दोन टिचक्या मारायचा, कोपऱ्यातला चुना सुटावा म्हणून. तसं दुसरं कोणी करत नव्हतं.

जितेंद्र उठून जवळ आला. आता त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं, कपाळापासून खाली. गालापाशी आला आणि त्याची नजर देवरावांच्या हाताकडे परत गेली.

"देवराव हाय, मॅडम," तो म्हणाला. "लिहून घ्या."

"आत्ता तं नाही म्हनत होते भाऊ तुम्ही," सुशील म्हणाला.

"आत्ता पाह्यलं ना बे."

कामिनी मॅडमनी सुशीलकडे पाहिलं. त्यानं हात जोडून मान हलवली. "टाकू द्या काकाजीले."

मिनलनं यादीवर रेघ मारली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "देवराव नथ्थूजी लांजेवार." देवरावांनी सही केली. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांनी बटण दाबलं. यंत्राचा लांब आवाज झाला. आता त्यांना यादीतून कोणी काढणार नव्हतं, निदान या वेळी तरी.

ते व्हरांड्यात आले तेव्हा मागून जितेंद्र आला. त्यानं भिंतीच्या कोपऱ्यात पचकन थुंकलं, तोंड पुसलं आणि दोन हात अंतरावर उभा राहिला. पूर्वी तो बोलताना खांद्यावर हात टाकायचा.

"काहून नाही सांगितलं बे? दारावर किती वेळा आलो मी."

देवराव बोलले.

"हो, हो," जितेंद्र म्हणाला.

देवराव पुन्हा बोलले, या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून.

"हो ना. बरोबर आहे." तो फाटकाकडे बघत होता. "आता बरा आहे ना तू? ऊन लय आहे. मी येतो घरी. रविवारी येतो."

लोक सगळ्याला हो म्हणतात, हे देवरावांना दवाखान्यातच कळलं होतं. त्यामुळे सांगायचं ते त्यांनी एका शब्दात आणलं. जितेंद्रच्या गालाकडे, मग त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट केलं.

"ओ-अ."

जितेंद्रचा चेहरा एकदम उजळला. आल्यापासून पहिलीच गोष्ट समजल्यासारखी त्याला वाटली. त्यानं खिशातून खर्ऱ्याची नवी पुडी काढली आणि अर्ध्या अंगठ्याच्या हातानं पुढे केली.

"घोटून देतं? घोट गा. तुह्यासारखा कोनाच्या हातानं होत नाही."

देवरावांनी पुडी घेतली. क्षणभर ती तळहातावर राहिली. मग त्यांनी मूठ मिटली आणि पायऱ्या उतरायला सुरुवात केली.

"अबे! अबे देवराव, माहा खर्रा घेऊन कुठं चालला?"

मागून हसल्याचा आवाज आला. ते हसू अर्ध्यावर राहिलं. जितेंद्रला यादी सोडून फार लांब येता येणार नव्हतं.

फाटकाबाहेर देवरावांनी दुपट्टा गुंडाळला. डांबर पायांखाली मऊ लागत होतं. समोरून स्कूटीवर कोणी गेलं, त्याचेही फक्त डोळे दिसले. मुठीतली पन्नी घामानं ओली झाली होती. दुपट्ट्याच्या आत त्यांनी जितेंद्रला सांगितलेला तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. सोड. स आला नाही. ड आला नाही. त्यांनी आणखी एकदा म्हणून पाहिला आणि घराकडे वळले.