पिवळा गुडघा

मला दुरुस्त करण्यात प्राचीचा फायदाच होता. दादरच्या जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळणार, कॉलेजात नाव होणार. माझ्याही वाट्याला नवा गुडघा येणार होता. तोट्याच्या बाजूला कुणाचंच नाव दिसत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा यंत्रमानव आहे. जपानी बनावटीचा, वीतभर उंच. जन्मलो तेव्हा मी उभाही नव्हतो. खोक्यात चार चौकटी होत्या आणि त्यांना माझे हात, पाय, डोकं असे शंभरेक तुकडे चिकटलेले होते. तुकडा सोडवायचा आणि खाचेत दाबायचा. गोंद लागत नाही. बोटबाबूंना, म्हणजे बोटीवर नोकरीला असणाऱ्या भिवामामांना, मी परदेशी बंदरात सापडलो. त्यांनी मला लालबागच्या चाळीत आठ वर्षांच्या मेघनाला आणून दिलं.

जोडलं मात्र तिच्या वडिलांनी, सीतारामांनी. ते गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी पुन्हा उघडली नाही आणि त्यांचे हात रिकामे झाले. कागदावरची जपानी अक्षरं त्यांना कळेनात, पण चित्रं ते भराभर वाचत. माझा उजवा गुडघा प्रवासात मोडला होता. त्यांच्याकडे गिरणीची आठवण म्हणून एकच पिवळी बॉबिन, सूत गुंडाळायची प्लॅस्टिकची नळी, होती. तीच त्यांनी कापली आणि आठ दिवस कानशीनं घासून गुडघा केला. तो जरा जाड झाला. मी कायमचा डावीकडे कललो, आणि गुडघा वाकवला की ‘टक’ असा आवाज येऊ लागला.

शेजारी खवचट होते. "काय सीताराम, गडी ठेवलास?"

"होय तर! हो काय संपार जावचो नाय," माझ्याकडे बोट दाखवत सीताराम मालवणीत म्हणाले. चाळ हसली. तेही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

पुढे चाळ पडली, तिथेच टॉवर उभा राहिला. गिरणीची चिमणीही गेली. सीतारामांचे डोळे काचबिंदूनं गेले. त्यांच्या हातचं म्हणावं असं एकच काम उरलं, आणि ते माझ्या पायात होतं. रोज चारच्या चहानंतर ते मला मांडीवर घेत, कानशीच्या रेघांवरून अंगठा फिरवत आणि गुडघा वाकवत. टक. मग समाधानानं मला ठेवून देत.

हे सगळं मेघनाला ठाऊक होतं. प्राचीला, आपल्या लेकीला, ते सांगायचं तिच्या मनात होतं. ऑफिस, स्वयंपाक, सणवार यांत राहून गेलं.

प्रदर्शनाचा नियम होता की सगळे भाग मूळ नमुन्यासारखे हवेत. प्राचीनं माझा डावा गुडघा मोजून तसाच उजवा थ्रीडी प्रिंटरवर छापून आणला. आजोबा झोपले होते, आई कामावर होती. तिनं पिवळा तुकडा काढला आणि कचऱ्यात टाकला. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मला बरंही वाटलं.

चहाच्या आधीच तिनं मला प्रदर्शनात नेलं, आजोबांना नंतर तेवढंच सांगितलं, आणि चार दिवसांनी दुसरं बक्षीस मिळालं. प्राचीनं धावत येऊन मला आजोबांच्या हातात दिलं. "आजोबा, नंबर आला!"

त्यांनी गुडघा वाकवला. आवाज आला नाही. अंगठा थांबला.

"हो माझो नाय गो."

"तोच आहे, आजोबा! फक्त गुडघा बदलला. जुना वाकडा होता ना."

"वाकडो होतो," ते हळूच म्हणाले. "खंय आसा तो?"

कचऱ्याची गाडी येऊन चार दिवस झाले होते. तरी प्राची खाली धावली. सफाईवाल्यांना विचारून रिकाम्या हातानं वर आली. दारात मेघना उभी होती. तिनं लेकीला रागावायला तोंड उघडलं आणि स्वतःच रडली.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. पण तिचा वाकडा भाग काढण्याआधी घरात एकदा विचारा, हे कुणी केलं होतं?

प्राचीला बक्षीस मिळालं, प्रदर्शनाला नियमात बसणारा यंत्रमानव मिळाला, मला सरळ पाय मिळाला. चार वाजता चहा अजून येतो. सीताराम तो पितात, कप खाली ठेवतात, आणि मोकळा अंगठा बोटांवर घासत बसतात. मला मागत नाहीत.