बोरीच्या विहिरीचं शेवाळ

"मेलं म्हनू नगं, मधू. पाणी घाल, दम धर, मग बोल."

चारठाण्याच्या देवळाच्या पायरीवर बापूंनी तांब्या कलता केला होता, अन् करपलेलं शेवाळ बघता बघता हिरवं होत गेलं होतं. वडलांचा तो आवाज तीस वर्षं मधुवंतीच्या कानात राहिला. परभणीच्या छोट्या विज्ञान संग्रहालयात तिनं मांडलेलं टेबल त्याच आवाजातून उगवलेलं. वर पाटी : 'मेलं की झोपलं?' मुलांनी आपापल्या गावचं वाळलं शेवाळ डबीत आणायचं, महिनोन्‌महिने कोरडं ठेवायचं, मग थेंब घालून सूक्ष्मदर्शकात बघायचं. त्यात आठ पायांचं जलअस्वल असतं, मोहरीहूनही कितीतरी बारीक. पाणी आटलं की अंग आक्रसून वर्षं काढतं. पाणी भेटलं की चालू लागतं. "दुसऱ्या ग्रहावर जीव हुडकायचाय? आधी हे हुडका," ती मुलांना म्हणे. नियम एकच, भिंतीवर लिहिलेला : दिसलं तेच नोंदवायचं.

आज बोरीची मुलं आली होती, मे महिन्यात दिलेल्या डब्या उघडायला. सकाळी थेंब घालून झाले. दुपारी बघायचं. मधुवंतीचा जेवणाचा डबा मात्र तसाच झाकलेला राहिला.

खंडेनवमीला तिनं सूक्ष्मदर्शक पुसून पूजला होता. शेजारी मुलांच्या डब्यांची चळत. सगळ्यात वरची डबी तिनं हौसेनं उघडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं अन् झाकण घट्ट लावलं. डबी निकिताची होती. आज सकाळी उघडली तर कुबट वास, काळा लगदा, वर पांढरी बुरशी. तिनं तीनदा काच सरकवून पाहिली. काही हललं नाही. फाटकात मुलांची गाडी वाजली, तसं तिनं डबी घाईघाईनं पुसून काढली, अन् टेबलावर नमुन्याला ठेवलेल्या चारठाण्याच्या वाळल्या शेवाळाची एक चिमूट तीत टाकली.

"ए निके, तुजं झोपलंय का गेलंय?" अवधूत खिदळला. त्याचं जलअस्वल मघाशीच चाललं होतं, त्यामुळं त्याला जोर आलेला.

"तू गप रे! लय शाना." निकितानं ओठ मुडपला. मग मधुवंतीकडं सरकून हळूच म्हणाली, "ताई, उठंल ना? आमची विहीर रस्त्यात गेली. दिवाळीलाच बुजवली. आता तेवढंच ऱ्हायलंय तिचं."

मधुवंतीनं काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. विहीर बुजल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"बघ तू," एवढंच ती बोलली.

निकितानं डोळा लावला.

"चालायलंय!" ती किंचाळली. "ताई, पाय हालवायलंय! आवद्या, बघ, बघ की!"

सगळी झुंबड उडाली. मुलांना घेऊन आलेल्या योगीराज सरांनी टाळ्या वाजवल्या. निकिता धावत नोंदवहीकडं गेली अन् जीभ चावत, एकेक अक्षर गिरवत लिहू लागली : 'बोरी. आमची विहीर. जिवंत...'

भिंतीवरचा नियम मधुवंतीनंच रंगवला होता. एका 'बोरी' शब्दाचाच प्रश्न होता. पोरगी हसत घरी गेली असती, बापाला सांगितलं असतं, आईला सांगितलं असतं. कुणाला कळणार होतं?

"ताई," निकितानं मान वर केली, "मंगळावरबी आसंच सापडलं, तर ते तिथलंच हाय हे कसं कळायचं? कुनी इथून नेऊन टाकलं आसलं तर?"

मधुवंती तिच्याजवळ खाली बसली. पेन्सिल धरलेला तो चिमुकला हात तिनं धरला. पाणी घातलं होतं, दम धरला होता. आता बोलायचं राहिलं होतं.

"थांब निकिता, लिहू नको. हे चारठाण्याचं आहे, मी टाकलेलं. तुझ्या विहिरीचं झोपलेलं होतं गं. मी पूजेला पाणी शिंपडून जागं केलं, अन् ओल्यावरच झाकण लावलं, तसं ते आत कुजलं. ते माझ्या हातून मेलं."